स्मार्ट बोर्ड आला, कंपनीचा माणूस दीड तासात गेला, आता १४ शिक्षकांना शिकवायचं कसं?

करवीर_मास्तर

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलला विज्ञान शिकवतो. शाळेचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे लिहितोय ते वाचून संस्थेतलं कोणीतरी मला हाक मारून घेईल.

तर झालंय असं, माजी विद्यार्थ्यांनी पैसे गोळा करून शाळेला दोन ७५ इंची टच पॅनल दिले, एक आठवीच्या वर्गात, एक दहावीच्या. त्याआधीचा एक प्रोजेक्टरवाला बोर्ड प्रयोगशाळेत आहे, तो मनात आलं तर चालतो. शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात कंपनीचा मुलगा आला, पोरगा हुशार होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही, पण दीड तासात त्यानं पेन, हायलायटर, भिंग, पडदा, स्पॉटलाइट, थ्रीडी हृदय गरागरा फिरवून, सगळं सगळं दाखवलं. आम्ही वा वा म्हणालो, चहा झाला, हजेरीच्या कागदावर सह्या झाल्या, फोटो काढले, गेला. दुसऱ्या दिवशी मराठीच्या बाईंनी पॅनल चालू केला तर कालचं एकही बटण सापडेना. त्यांनी तो बंद केला तो आजतागायत.

आत्ताची परिस्थिती म्हणजे दहावीच्या पॅनलवर फक्त यूट्यूब लागतं. आठवीच्या पॅनलला निळं कव्हर शिवून घेतलंय, ते पाहुणे आले की निघतं. त्यात मागच्या सोमवारी एका सरांनी सवयीनं खिशातला परमनंट मार्कर काढून थेट पॅनलवर पटसंख्या लिहायला घेतली, पोरं ओरडली म्हणून एका टिंबावर थांबलं. शिपाईमामांनी ते पातेलं घासायच्या घासणीनं घासलं. शाई निम्मी गेली, पण आता डाव्या बाजूला खाली वाटाण्याएवढा पांढुरका डाग पडलाय.

हेडबाई म्हणतात, तुम्हाला मोबाईलमधलं कळतंय तर तुम्हीच सगळ्यांना शिकवा. मला कळतंय ते मला कळतंय हो, दुसऱ्याला शिकवायचं वेगळंच काम आहे. स्टाफमध्ये २८ वर्षांच्या मॅडम आहेत तसे दोन वर्षांत रिटायर होणारे सरपण आहेत. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तास-दीड तास मिळेल, त्यापेक्षा जास्त मागितलं तर लोक उठून जातील. पहिल्यांदा काय दाखवू? किती दिवस लागतात? आणि ज्येष्ठ मंडळींना न दुखावता कसं बसवू? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनीच सांगा, पीपीटी नको.


शिरोळचा_भूमितीवाला

सर, आमच्याकडं चार वर्षांपूर्वी हेच झालं, फक्त कव्हर मरून होतं.

पहिल्या शनिवारी फक्त तीन गोष्टी. पेननं लिहायचं, पुसायचं, नवीन पान घ्यायचं. बस. चौथं कोणी विचारलं तर पुढच्या शनिवारी म्हणायचं. तुम्हाला वाटेल एवढंसंच काय, पण चौदा जणांनी प्रत्येकी पाच मिनिटं स्वतःच्या हातानं लिहिलं की तुमचा सव्वा तास संपतोय. आणि तुम्ही पॅनलपाशी उभं राहायचंच नाही, मागच्या बाकावर जाऊन बसायचं. जवळ उभारलात की हात शिवशिवतात, दोन सेकंदात तुम्हीच बटण दाबून देता, आणि समोरचा माणूस काय शिकतो तर अडलं की सरांना बोलवायचं.

दुसरं म्हणजे टच कसा चालतो ते पहिल्याच दिवशी सांगा, दोन मिनिटं लागतात. बहुतेक पॅनलला काचेच्या चारी बाजूच्या चौकटीत इन्फ्रारेड दिवे असतात, त्यांचं न दिसणारं जाळं काचेवरनं जात असतंय, ते जिथं तुटलं तिथं टच. ते तोडणारं बोट आहे का साडीचा पदर आहे का शर्टाची बाही, पॅनलला कळत नाही. आमच्या इंग्रजीच्या बाई लिहायला लागल्या की खालनं आपोआप रेघा उठायच्या, त्यांना वाटायचं आपल्यालाच जमत नाही, मशीनला आपला हात चालत नाही म्हणून त्यांनी नाद सोडला होता. पदर होता तो. पिन लावली, प्रश्न मिटला. पावसाळ्यात दिव्याला पाखरं येतात ती काचेवर बसली तरी टिंबं उमटतात, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर भूत म्हणतील.

आणि प्रत्येकानं आपलाच उद्याचा धडा घेऊन यायचा. मी जिओजेब्रा, म्हणजे भूमितीच्या आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर, दाखवतो म्हणून मराठीच्या माणसाला त्रिकोण ओढायला लावू नका.

जाता जाता एक गंमत. मी नववीला जिओजेब्रात त्रिकोण काढला, शिरोबिंदू ओढला की तिन्ही कोन बदलतात पण बेरीज १८० च राहते, हे दाखवायचं होतं. कोन पूर्णांकात दिसावेत म्हणून दशांश स्थळं शून्य ठेवली. एका पोरानं वहीत बेरीज केली, म्हणाला सर १७९ येतंय. बघतो तर ६०, ६० आणि ५९! खरे कोन ६०.४, ६०.३ आणि ५९.३ होते, प्रत्येकाची जवळच्या पूर्णांकापर्यंत काटछाट झालेली. तो तास त्रिकोणाचा राहिलाच नाही, पण वर्षातला सगळ्यात भारी तास तोच झाला. फळ्यावर मी तीन कोन मनानं लिहिले असते आणि बेरीज १८० आलीच असती.


वायर_प्लास

मास्तर, मी हे पॅनल भिंतीला लावायचं काम करतोय, गंगावेशीत दुकान हाय. शिकवायचं मला कळत नाही पण मला जे फोन येत्यात त्यातले निम्मे ट्रेनिंगचेच असत्यात, मशीन बिघडल्याचे नसत्यात, म्हणून लिहितो.

पैला फोन, लॅपटॉप जोडलाय, चित्र दिसतंय पण टच चालंना झालाय. अहो एचडीएमआय वायरनं फक्त चित्र आणि आवाज जातोय, टच परत लॅपटॉपला न्यायला वेगळी यूएसबी वायर लागते, ती खोक्यात असतीया, प्लास्टिकच्या पिशवीत, कोणी उघडत नाही. तुमच्या तिघा-चौघांकडनं ही वायर एकदा काढून परत लावून घ्या, स्वतःच्या हातानं, हे पडदा-स्पॉटलाइटपेक्षा लाख मोलाचं हाय.

दुसरा फोन, इथं बोट लावलं की तिकडं लॅपटॉपवरच कायतरी उघडतंय. ते एक्स्टेंडवर हाय, म्हंजे पॅनल लॅपटॉपचा दुसरा वेगळा पडदा झालाय. विंडोजचं बटण आणि पी दाबायचं, डुप्लिकेट करायचं. कागदावर लिवून पॅनलच्या शेजारी चिकटवा, मराठीत.

तिसरा, प्रोजेक्टरवाल्या बोर्डावर बोट एकीकडं आणि रेघ दुसरीकडं. कोणीतरी प्रोजेक्टर हलवलाय. कॅलिब्रेशन करायचं, टिंबं येत्यात त्यावर पेन टेकवत जायचं, मिनिटाचं काम. पॅनलला हे सहसा लागत नाही.

आणि खडू. पॅनलच्या शेजारीच खडूचा फळा असंल तर ती धूळ चौकटीत जाऊन बसतीया, मग एका पट्ट्यात टच मरतोय. कोरडं मऊ फडकं, बंद करून, रोज. पाणी फवारायचं नाही. वीज कडाडायला लागली की प्लग काढून टाकायचा, नुसतं रिमोटनं बंद करून भागत नाही. अर्थिंग बघून घ्या, जुन्या शाळांत लई ठिकाणी नसतंय.

डागाचं सांगायचं तर परमनंट मार्करवर साध्या व्हाइटबोर्ड मार्करनं गिरवून लगेच पुसलं असतं तर निघालं असतं, नाहीतर मऊ फडक्याला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून. उरलेली शाई आत्ताबी जाईल. पण घासणीनं काचेवरचा चकाकी कमी करायचा थर खरवडलाय, तो पांढुरका डाग आता तिथंच राहणार. मामांना कायबी बोलू नका, त्यांना कोण सांगितलंवतं? ट्रेनिंगला त्यांना बसवलंवतं का?

शाळा नदीच्या अंगाला असंल तर २०१९ आणि २०२१ चे महापूर आठवा आणि खालच्या मजल्यावरचा पॅनल वर हलवा. आत्ताच.


करवीर_मास्तर

मामांना नव्हतं बसवलं. बरोबर आहे तुमचं. आणि ती वायर खरंच पिशवीत आहे, आत्ता बघून आलो, सील पण फोडलेलं नाही 😅


तिरकस_कट्टेकरी

मी पालक आहे, शिक्षक नाही, तेव्हा राग आला तर सोडून द्या. पण मूळ प्रश्न कोणी विचारतच नाही. ह्याचा उपयोग काय?

लंडनमध्ये २००३-०४ च्या सुमारास सरकारनं माध्यमिक शाळांना असले बोर्ड घ्यायला पैसे दिले. त्यावर तिथल्याच इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशननं अभ्यास करून २००७ साली अहवाल दिला. त्यात पहिल्या वर्षात गणित-विज्ञान-इंग्रजीच्या निकालावर फारसा फरक दिसला नाही. पोरांचा उत्साहही थोडेच दिवस, म्हणजे आपल्याकडं म्हणतात ते नव्याचे नऊ दिवस. उलट कच्च्या वर्गांत एकेक पोरगं बोर्डापाशी बोलवत बसल्यानं तासाचा वेग मंदावला. हे तिथं, जिथं वीज जात नाही. इथं शाळेच्या संडासाला कडी नाही आणि ७५ इंची पॅनल. मार्केटिंगवाले जिंकले, बाकी काय.

आणि स्मार्ट बोर्ड हे मुळात कॅनडातल्या एका कंपनीच्या बोर्डाचं नाव, १९९१ सालचं. झेरॉक्ससारखं आपण सगळ्यालाच म्हणायला लागलोय. विकत घेताना निदान आपण काय घेतोय ते तरी माहीत असावं.


शिरोळचा_भूमितीवाला

कट्टेकरी साहेब, कडीचं शंभर टक्के मान्य. पण तुम्ही सांगितलेला अहवाल तर ट्रेनिंगच्याच बाजूनं बोलतोय की. बोर्ड लावला म्हणून निकाल वाढत नाही, आणि एक पोरगं बोर्डापाशी अन् उरलेली ५९ बघत बसली तर तास मंदावणारच. म्हणून मी असं करतो, पॅनलवर एक जण ओढणार, पण त्याच्या आधी सगळ्यांनी वहीत लिहायचं, काय होईल. लिहून झाल्याशिवाय ओढायचं नाही. मग बघा वर्ग कसा शांत होतो. हे कंपनीचा माणूस शिकवू शकत नाही, कारण त्यानं साठ पोरांचा वर्ग कधी घेतलेला नसतो. बटणं तो शिकवेल, तास आपल्यालाच शिकवायला लागणार एकमेकांना.


खडू_आणि_डस्टर

मास्तर, मी तुमच्या प्रश्नातली ती "ज्येष्ठ मंडळी". शहरातल्या शाळेत आहे, मराठी आणि इतिहास, तीन वर्षं राहिलीत. आमच्या बाजूनं पण कोणीतरी लिहायला हवं म्हणून आज भाकऱ्या टाकून झाल्यावर बसलेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी ह्या विषयावर आजवर चार प्रशिक्षणं झालीत. चारही सर्टिफिकेटं फाईलला आहेत. त्यातल्या एकात आम्ही साठ जणी-जण एका हॉलमध्ये, समोर एक बोर्ड, एक सुलभक, आणि तो बोर्ड मला पाचव्या रांगेतून पोस्टकार्डाएवढा दिसत होता. दोन दिवसांत मी त्याला हातही लावला नाही. दुसऱ्यात "प्रश्न आहेत का कोणाला" असं दुपारी साडेचारला विचारलं, घरी जायच्या गडबडीत कोण विचारणार? तुम्ही तरुण लोक म्हणता ज्येष्ठांना तंत्रज्ञानाची भीती. अहो मशीनची भीती नाही. तीस वर्षं ज्या वर्गात मला कुणी वर तोंड करून बोललं नाही त्या वर्गात पोरांच्या देखत माझं बोट चुकावं आणि मागच्या बाकावरून हशा यावा, त्याची भीती आहे. ती ट्रेनिंगमध्ये जात नाही. ती रिकाम्या वर्गात जाते.

मी शिकले ती अशी. शाळा सुटल्यावर दार लावून घेतलं आणि आठवीतल्या एका मुलीला थांबवून घेतलं, तिच्या आईला फोन करून. तिला म्हटलं, तू बोलायचं नाहीस, मी विचारलं तरच सांगायचं. पहिल्या दिवशी मी नुसतं "श्री" लिहिलं. माझं अक्षर फळ्यावर चांगलं आहे हो, लोक अजून सांगतात, आणि त्या पॅनलवर ते असं वेडंवाकडं आलं की बघवेना. काचेवर हात घसरतो, खडूला जी धार लागते ती नाही. चार दिवसांनी कळलं की पेनची जाडी वाढवायची, अक्षर मोठं काढायचं आणि मनगट नाही, सगळा हात हलवायचा. हे मला चारपैकी एकाही प्रशिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना माहीतच नसावं, ते सगळे इंग्रजीतून टाइप करून दाखवायचे.

तेव्हा माझ्या तीन विनंत्या. एक, मेनू मराठीत करता येत असेल तर करून द्या, नसेल तर चार चित्रांचा कागद चिकटवा. दोन, जोड्या लावा, एक तरुण एक म्हातारी, पण तरुणानं पेन हातात घ्यायचा नाही. आणि तिसरी, आम्हालाही काही शिकवायला सांगा. फळा कसा भागायचा, डावीकडं काय राहू द्यायचं, उजवीकडं काय पुसत जायचं, हे ज्याला येतं त्यालाच पॅनलचं पान नीट मांडता येतं. तुमच्या त्या २८ वर्षांच्या मॅडमना विचारा, त्यांच्या पॅनलवर सगळं मधोमध असतं की नाही.

आणि फळा काढून टाकू नका. पॅनलवर पुढचं पान घेतलं की मागचं दिसेनासं होतं. तासाच्या सुरुवातीला लिहिलेली सनावळी मला तास संपेपर्यंत भिंतीवर दिसायला लागते, पोरांनाही.


वायर_प्लास

बाई, एक नंबर 🙏 फळा आणि पॅनलच्या मधी चार फूट अंतर ठिवा म्हंजे खडूचं भांडण मिटतंय.


गगनबावडा_दोनशिक्षकी

आम्ही जिल्हा परिषदेची दोन शिक्षकी शाळा, पॅनल वगैरे नाही, दान मिळालेला प्रोजेक्टर आणि एक जुना लॅपटॉप. पावसाळ्यात इथं नेट दोन-दोन दिवस नसतं त्यामुळं आमचं सगळं ऑफलाइन. कोणाला उपयोग झाला तर, ओपनबोर्ड नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, फुकट, स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेलं, लॅपटॉपवर चालतं. पानं करून ठेवता येतात, धडा झाला की पीडीएफ करून पालकांच्या ग्रुपवर टाकायचा. आणि विज्ञानाला फेट, पडद्यावर करायच्या प्रयोगांचं, कोलोरॅडो विद्यापीठाचं, त्यातले बरेच प्रयोग मराठीत आहेत, फाईल डाउनलोड करून ठेवली की नेट लागत नाही. सेल, बल्ब, तार जोडायचा प्रयोग आमची चौथीची पोरंसुद्धा करतात. अर्थात खरा सेल आणि खरा बल्ब आधी, मग हे.

सर, शिकवताना एकाच ॲपवर सगळ्यांना बांधू नका एवढंच सांगते. एका ऑनलाइन प्रशिक्षणात आम्ही हौसेनं गूगलचं जॅमबोर्ड, म्हणजे ऑनलाइन फळा, शिकलो, पानंच्या पानं केली, आणि ३१ डिसेंबर २०२४ ला ते बंदच झालं. पीडीएफ काढून ठेवल्या होत्या म्हणून वाचलो.

एक प्रश्न पण आहे. हे शनिवारचं शिकणं कुठं धरलं जातं का? का नुसतंच आपलं?


शिरोळचा_भूमितीवाला

नवीन शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाचे म्हटलेत. शाळेच्या पातळीवरचं त्यात कसं धरतात ते तुमच्या केंद्रप्रमुखांना विचारा. धरोत न धरोत, वहीत तारीख, तास आणि कोण काय शिकलं एवढं लिहून ठेवा. मागायची वेळ आली की कागद लागतोच.


करवीर_मास्तर

तीन शनिवार झाले, सांगितल्याप्रमाणे रिपोर्ट देतोय.

पहिला शनिवार. तीन गोष्टी. मामांना पण बोलावलं, त्यांना पुसायचं फडकं आणि प्लगची जबाबदारी अधिकृतपणे दिली, आणि मामा इतके खूश की त्यांनीच जयसिंगपूरचं भडंग आणलं सगळ्यांना. मी मागच्या बाकावर बसलो. खरं सांगतो, बसवत नव्हतं. आमच्या हिंदीच्या सरांना नवीन पान घ्यायला पावणेदोन मिनिटं लागली, मी घड्याळ बघितलं, तीन वेळा उठलो आणि तीन वेळा बसलो. पण मग त्यांनी घेतलं. आणि परत एकदा घेतलं. आणि उगाचच अजून चार पानं घेतली.

दुसरा शनिवार फसला. मी वायरवालं दाखवायला घेतलं आणि नेमकी लाइट गेली, ती पाऊण तासानं आली, तोवर निम्मे लोक घरी. उरलेल्यांना खडू_आणि_डस्टर बाईंचं वाचून दाखवलं. आमच्या मराठीच्या बाई (त्याच, ज्यांनी पॅनल बंद केला होता) ते ऐकून काही बोलल्या नाहीत, पर्स उचलून गेल्या. मला वाटलं झालं, दुखावल्या. सोमवारी हळूच म्हणाल्या, सर, पाच वाजता आठवीचा वर्ग उघडा असतो का हो?

तिसऱ्या शनिवारी मी काहीच शिकवलं नाही. भूगोलाच्या मॅडमनी आपला आठवीवरचा धडा आमच्यावर करून दाखवला आणि मग सोमवारी पोरांवर, मी मागं बसून बघितला. उपग्रहाचा नकाशा लावला, त्यावर निळ्या पेननं पंचगंगा. पंचगंगा म्हणजे पाच नद्या, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि पाचवी गुप्त मानलेली सरस्वती, प्रयाग चिखलीला एकत्र येऊन पुढं नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, हे पुस्तकात आहेच. मॅडम पोरांना म्हणाल्या, आधी वहीत काढा, मग एक जण येऊन इथं काढेल. चिखलीकडचा एक पोरगा आहे, कधी तोंड उघडत नाही. तो आला, पेन घेतला, नद्या काढल्या त्या काढल्या आणि मग लाल पेन मागितला. म्हणाला, "मॅडम, पाणी नदीतनं सरळ येत नाही, आधी इकडनं ओढ्यातनं मागं फिरतंय, मग आमच्या गल्लीत, मग देवळापाशी", आणि २०१९ ला पाणी कुठनं कुठनं शिरलं ते त्यानं त्या नकाशावर काढून दाखवलं, ओढा, उसाची शेतं, रस्ता, सगळं. चुकलं की पुसून परत काढत होता. वर्गात एक शब्द नाही. मॅडमनी ते पान तसंच सेव्ह करून ठेवलंय.

कट्टेकरी साहेब, हे कागदी नकाशावरही झालं असतं का? झालं असतं. पण कागदी नकाशावर लाल पेननं रेघा मारायला आम्ही त्याला कधी दिलं नसतं, आणि आमचं घर कुठाय बघू म्हणून गल्लीपर्यंत मोठं करता आलं नसतं. संडासाच्या कडीचा विषय मात्र मी मीटिंगला काढला, तुमचं नाव न घेता. बसवली परवा.

खालच्या मजल्यावरचा पॅनल वर हलवायचं ठरलंय, दहावीचा वर्गच वर नेतोय. वायर_प्लास भाऊ, तुमचा नंबर इथं टाकू नका, मीच गंगावेशीत येतो.

आणि तो डाग. शाई गेली, पांढुरका ठिपका आहे तसाच आहे. मॅडमनी नकाशा लावला तर पोरं ओरडायला लागली, मॅडम अजून डावीकडं, थोडा खाली, अजून थोडा. भोगावतीवर राधानगरी धरण बरोबर त्या ठिपक्याखाली आलं तेव्हाच गप्प बसली.